सात्या बाजारात नेण्याआधी: ग्रामसभेची पावसाळ्यापूर्वीची तयारी

रानातली अळंबी विकायची असेल तर कामाला एप्रिलमध्येच लागावं लागतं. पाऊस धरला आणि वारुळांवर सात्या, म्हणजे वाळवीच्या वारुळावर येणारी खाण्याची अळंबी, फुटल्या की दोन-चार दिवसांत माल निघतो, विकला जातो आणि लोकांच्या पोटातही जातो. त्या गडबडीत नियम ठरवायला कुणालाच सवड नसते. ही यादी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रामसभा डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. गोंदियाकडचे टेकोडे असोत की कोकणातली अळंबी, नाव बदलेल, कामं हीच राहतील.

आधी कागद काढा. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3 खाली गौण वनउपज गोळा करून विकण्याचा हक्क मिळतो; पण व्याख्येत बांबू, मध, लाख, तेंदूपानं, कंदमुळं अशी नावं आहेत, अळंबीचं नाव नाही. शिवाय व्याख्या ‘वनस्पतीजन्य’ उपजाची आहे आणि बुरशी शास्त्राने वनस्पतीत मोडत नाही. यावरून नाक्यावर टोपली अडू नये म्हणून ग्रामसभेच्या ठरावात ‘परंपरेने गोळा होत आलेली अळंबी’ असं स्पष्ट लिहा आणि स्थानिक नावंही घाला. 2012 च्या दुरुस्तीनंतर वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. तेव्हा पावतीपुस्तक छापून घ्या आणि सहीचा नमुना वनपरिक्षेत्र कार्यालयात मे महिन्यातच देऊन पोच घ्या. अभयारण्यात हक्क मान्य झालेले नसतील तर तिथून विक्रीसाठी तोडणी ठरावातच बंद ठेवा. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो. गोव्यात वारुळांवरची अळमी म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यातून आणणाऱ्यांपुढेही अडचण हीच आहे.

जैवविविधता व्यवस्थापन समितीशी एक बैठक घ्या. बाहेरचा व्यापारी व्यवसायासाठी माल उचलणार असेल तर समिती त्याच्याकडून संकलन शुल्क घेऊ शकते. ते किलोमागे किती आणि कुणाच्या खात्यात, हे आधी ठरवा. विक्री करणाऱ्या गटाची अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालची (FSSAI) नोंदणीही याच महिन्यात उरका.

आता सगळ्यात वादाचं काम. कोणत्या अळंब्या विकायच्या नाहीत याची यादी करू नका. कोणत्या विकायच्या तेवढ्यांचीच करा, आणि ती लहान ठेवा. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रकार पुरेत, आणि तेही वारुळावर येणारेच. घरी कुणी काय खातं यात ग्रामसभेने पडू नये, पण यादीत नसलेला प्रकार बाजारात जाणार नाही. जाणत्या बायका दहा प्रकार ओळखतात, त्यांना हे जाचक वाटतं आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. अडचण ओळखणाऱ्यांची नाहीच, त्यांच्या मागून टोपली भरणाऱ्या पोरांची आहे. इटलीने 1993 च्या कायद्याने तोडणाऱ्याला साधारण दिवसाला तीन किलोची मर्यादा घातली आणि विक्रीचा माल बाजारात येण्याआधी जाणकाराच्या तपासणीतून नेला. आपल्याला किलोची मर्यादा नसली तरी चालेल, तपासणी मात्र हवीच.

तपासणीसाठी गावातले चार जाणते नेमा, निम्म्या बायका असाव्यात. प्रत्येक टोपली दोघांनी पाहायची. दोघांचं एकमत झालं नाही तर टोपली परत. शिकवणीत भर एकाच गोष्टीवर द्या: मातीखाली काय आहे. वारुळावरची खरी अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसीस, हिच्या बहुतेक जातींच्या देठाला खाली मुळासारखी लांब शेपटी असते आणि ती वाळवीच्या घरातल्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत जाते. विषारी अमानिटाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असते. देठावर कडं दिसलं की विषारी, ही समजूत सोडा. वारुळावरच्या काही खाण्याच्या जातींनाही कडं असतं. पण देठ मातीलगत कापला की शेपटीही दिसत नाही आणि वाटीही. म्हणून दर वारुळामागे एक नग बोटांनी माती सारून अखंड काढायचा, बाकीचे कापायचे. ज्या टोपलीसोबत अखंड नमुना नाही ती तपासायलाच घेऊ नका.

दुसरी खूण बीजाणूंच्या, म्हणजे टोपीखालून झडणाऱ्या बारीक भुकटीच्या, रंगाची. उमललेल्या अळंबीचा देठ कापून टोपी, तिच्या आतले पातळ पडदे खाली करून, अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका. रात्रभरात ठसा उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर येतो, अमानिटाचा पांढरा, आणि अंगणात-गवतात येणाऱ्या विषारी क्लोरोफायलमचा हिरवट. ही क्लोरोफायलम कोवळेपणी पांढरी शुभ्र दिसते आणि हमखास फसवते. गिऱ्हाईक कळ्या मागतं, पैसाही कळ्यांनाच जास्त मिळतो. तरी त्याच वारुळावरचे उमललेले नग ओळखून झाले असतील तरच तिथल्या कळ्या विकायच्या. ठसा उठायला रात्र जाते आणि माल तोवर थांबत नाही, म्हणून ठशाची परीक्षा रोजच्या टोपलीला नव्हे तर वारुळाला लावा: हंगामातल्या पहिल्या फुटीला ठसा घेऊन वारुळाला क्रमांक द्या. चांदीचा चमचा काळा पडतो का, भात रंग बदलतो का, किडीने खाल्लंय का, या परीक्षा भिंतीवर लिहून त्यावर फुली मारा. अमानिटाचं विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही.

तोडणीच्या नियमांत पहार आणि कुदळ बंद. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास तीस वर्षं चाललेल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोडण्याने पुढचं पीक घटलेलं दिसलं नाही. माणसांच्या पायदळी तुडवल्याने मात्र वर येणाऱ्या छत्र्या कमी झाल्या. तिथे वाळवीची बुरशी नव्हती. आपल्याकडे वारूळ फोडलं की पोळंच जातं, आणि ही अळंबी शेतात पिकवण्याची रीत अजून कुणाला साधलेली नाही. पूर्ण पसरलेल्या जुन्या छत्र्या तशाच राहू द्या. त्यांना भावही येत नाही. फवारणीच्या कपाशीलगतची, वाळवीचं औषध घातलेल्या घराजवळची, खाणीच्या किंवा मोठ्या रस्त्याच्या कडेची अळंबी घेऊ नका. बुरशी जमिनीतलं शिसं, कॅडमियम साठवते.

प्लॅस्टिकची पिशवी नकोच. तीत अळंबीला घाम सुटतो, दोन-तीन तासांत बुळबुळीत होते, आणि मग खाणाऱ्याला उलट्या झाल्या तर विष होतं की नासलेला माल होता हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. बांबूची उथळ टोपली, खाली पळसाची किंवा सागाची पानं, थर चार बोटांहून जास्त नाही. सकाळी तोडलेलं संध्याकाळपर्यंत विकायचं. उरलेलं चिरून 45 ते 50 अंशांवर, काडीसारखं मोडेपर्यंत वाळवायचं. अळंबीत नव्वद टक्के पाणी असतं, तेव्हा दहा किलोंची किलोभरच होईल हे भाव ठरवताना धरा.

प्रत्येक टोपलीला सुतळीने चिठ्ठी: तोडणाऱ्याचं नाव, जंगलाचा कक्ष क्रमांक, वारूळ क्रमांक, प्रकार, वजन, तारीख, तपासणाऱ्या दोघांच्या सह्या. व्यापारी पाच जणांचा माल एका पोत्यात ओततो, तिथेच माग तुटतो. म्हणून करारात लिहून घ्या: टोपल्या एकत्र केल्या तर पुढचा माल नाही. दर टोपलीतला अखंड नमुना कागदात गुंडाळून, चिठ्ठीची प्रत लावून, आठवडाभर फ्रिजमध्ये. गावात कुणाच्या दुकानात फ्रिज असेल तर एक कप्पा हंगामापुरता भाड्याने घ्या, आणि खाण्याच्या वस्तू त्यात ठेवू देऊ नका.

आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर एक तक्ता लावा. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या झाल्या तरी दवाखाना गाठायचाच. पण सहा तासांनंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटे, उलट्या-जुलाब सुरू झाले तर धोका कितीतरी मोठा. अमानिटाच्या विषबाधेत मध्ये एक दिवस बरं वाटतं, माणूस घरी परततो, आणि तोवर यकृत निकामी होत असतं. असा रुग्ण बरा वाटला म्हणून सोडू नये, हे आशाताई आणि उपकेंद्रातल्या परिचारिका दोघींना सांगून ठेवा. 108 ला फोन, सोबत उरलेली अळंबी, शिजलेली असली तरी, आणि त्या टोपलीचा नमुना. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक तक्त्यावर लिहा, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात तो लावून पाहा.

बाजाराच्या दिवशी वजनकाटा, सुटे पैसे, पावत्या आणि ‘नीट शिजवूनच खा, पहिल्यांदा थोडंच खा’ असं लिहिलेल्या छोट्या चिठ्ठ्या घेऊन जा. वाटे लावून विकायची सवय असेल तर वाटे लावा, पण एका वाट्यात एकाच टोपलीतला माल.