देवघरामागे उजळणारी नक्षी कोरियनच्या शीटवर कशी करून घ्यावी

देवघराच्या मागील भिंतीवर आतून उजळणारी नक्षी हवी असेल, तर सॉलिड सरफेस, म्हणजे बाजारात सरसकट ‘कोरियन’ (Corian या ब्रँडवरून) म्हणून मागितली जाणारी शीट सोयीची ठरते. ड्यूपाँ कंपनीने १९६७ मध्ये विकसित केलेल्या या साहित्यात साधारण एक-तृतीयांश अ‍ॅक्रिलिक रेझिन आणि उरलेली बहुतांश खनिज पूड असते. रंग आरपार सारखाच असल्याने कोरलेला भाग पुन्हा रंगवावा लागत नाही.

प्रथम शीट निवडावी. सगळ्या पांढऱ्या शीटमधून सारखाच प्रकाश येत नाही, म्हणून दुकानातच नमुन्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून पाहावे.

त्यानंतर नक्षी कोणत्या बाजूने कोरायची हे ठरवावे. सगळे काम यावरच अवलंबून आहे. पुढून कोरलेल्या खाचा दिवसाही उठून दिसतात, परंतु हळद-कुंकू, उदबत्तीची राख आणि तेलकट काजळी त्यांत साचत राहते व ती काढायला दरवेळी ब्रश घेऊन बसावे लागते. त्यामुळे रोज पूजा होणाऱ्या घरात मागूनच कोरून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १२ मिलिमीटरच्या शीटमध्ये ८ ते ९ मिलिमीटर खोल कोरल्यास पुढे ३ ते ४ मिलिमीटर जाडी उरते, पुढची बाजू सपाट राहते आणि मागचे एलईडी दिवे लावताच नक्षी उमटते. मात्र मागून कोरायचे असल्यामुळे सीएनसी मशीनला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्राला, चित्र आरशातल्यासारखे उलटे करून द्यावे. अन्यथा ॐ उलटा दिसेल.

पूर्ण पॅनेलआधी त्याच शीटच्या तुकड्यावर तीन वेगवेगळ्या खोलींचे नमुने कोरून प्रकाशात पाहावेत. मशीनचे पाते गोल फिरते, त्यामुळे आतले कोपरे थोडे गोलसरच येतात. ते तसेच ठेवावेत, कारण अणकुचीदार कोपऱ्यातून तडा जाण्याची शक्यता अधिक असते. पुढची बाजू पॉलिश पेपरने घासून मॅट ठेवावी. चकाकीवर ओरखडे लगेच दिसतात.

पॅनेल बसवताना एलईडी पट्ट्या शीटला चिकटवू नयेत, नाहीतर प्रकाशाचे ठिपके दिसतात; मागे मोकळी जागा सोडून योग्य अंतर प्रत्यक्ष दिवे लावूनच ठरवावे. उष्णतेने शीट प्रसरण पावते, म्हणून कडेला फट ठेवून ती सिलिकॉनने भरावी. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणारा डबा, बिघडल्यास हात पोहोचेल अशी झडप सुताराकडून आधीच करून घ्यावी. समई आणि निरांजन पॅनेलला टेकवून ठेवू नयेत, कारण ज्योतीच्या आचेने शीट पिवळी पडते किंवा वाकते.