घरात निसर्ग आणताना या चुका टाळा

सोलापुरात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हिरवाई हवी असते, मात्र तिचा विचार रंगकाम उरकून कुंड्यांचा टेम्पो दारात उभा राहिल्यावर सुरू होतो. पुढच्या बहुतेक चुका या उशिरातूनच होतात.

सर्वांत महागात पडते ती पश्चिमेची काच. होटगी रस्त्यावरील एका बंगल्यात, अंगणातला जुना कडुनिंब दिवाणखान्यातून दिसावा म्हणून पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली गेली. दिवाणखान्याची जागा बदलण्याचे मी सुचवले होते. पण मालकांना नकाशा तातडीने मंजुरीला टाकायचा होता. मे महिन्यात पारा बेचाळिशीपुढे गेला, चारनंतर तिथे बसवेना, जाड पडदे आले आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो कडुनिंबच पडद्याआड गेला. आपल्याकडे मेच्या मध्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो व ते ऊन छज्जा अडवतो. मावळतीच्या तिरप्या उन्हापुढे मात्र छज्ज्याचे काही चालत नाही. म्हणून मी मोठी खिडकी उत्तरेलाच ठेवतो आणि पश्चिमेला जाड भिंत, लहान झरोके व बाहेर करंज किंवा कडुनिंब योजतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी संशोधक रॉजर उलरिच यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेल्याचे आढळले. हा लाभ हवा असेल, तर भर दुपारीही पडदा उघडा ठेवता आला पाहिजे.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात कुंड्यांची हिरवी भिंत उभारणे ही निव्वळ छायाचित्रापुरती हौस आहे. न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी मधुमालती मला पुरते. तिला मांडव धरायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तेवढा धीर नसणाऱ्यांनी मला विचारू नये.

गच्चीच्या वाफ्यात शेतातली काळी माती भरू नये. भिजली की ती घनमीटरला दीड टनाहून जड होते आणि निचरा अडवते. दोन-चार कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होत नाही. शोभेचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून हौद कोरडा करावा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

नव्या घराच्या मधोमध हौसेने उघडा चौक ठेवून पहिल्याच पावसाळ्यात त्यावर प्लॅस्टिकचे पत्रे टाकणारेही पुष्कळ आहेत. पत्र्याखाली कोंडलेली गरम हवा मग शेजारच्या खोल्यांत शिरते. फरशीला पुरेसा उतार आणि मोठी मोरी आधीच करावी, चोरांची भीती असल्यास वर लोखंडी जाळी बसवावी आणि पाऊस चौकात पडू द्यावा.