धसका बसलेल्या माणसांचं कामावरचं भांडण कसं सोडवावं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी एकोणीस वर्षं एच.आर.चं काम करते. प्रेस शॉप, पेंट शॉप, असेंब्ली, सगळीकडची भांडणं माझ्या टेबलावर आली आहेत. त्यातलं एक मी फार वाईट हाताळलं. आज जी पद्धत वापरते ती त्यातूनच आली.

पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर डाय सेटिंग, म्हणजे साचा बसवण्याचं काम, चालू होतं. सुपरवायझर मागून आला, ऑपरेटरच्या खांद्यावर हात टाकला आणि जोरात ओरडला. ऑपरेटरने गर्रकन वळून हातातला पाना फेकला. कुणाला लागला नाही, भिंतीवर आदळला. पंधरा मिनिटांत मी ऑपरेटरला केबिनमध्ये बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला प्लँट हेड, सुपरवायझर आणि मी. समोर तो एकटा, दरवाजाकडे पाठ करून. "का केलंस असं?" तिघांनी आळीपाळीने विचारलं. तो खाली मान घालून अंगठ्याचं नख खरवडत राहिला. एक शब्द बोलला नाही. मी कागदावर लिहिलं, 'उद्धट. सहकार्य करत नाही.'

आठ दिवसांनी तो स्वतःच आला आणि दारात उभं राहून बोलला. आधीच्या कारखान्यात शेजारच्या प्रेसवर मित्राची बोटं गेली होती. तेव्हाही लोक मागून असेच ओरडत धावले होते.

पाना फेकणं चूकच होतं, त्याबद्दल त्याला मेमोही मिळाला. पण 'उद्धट' हा शब्द माझा होता आणि तो खोटा होता.

इंग्रजीतल्या ट्रॉमासाठी आपल्या आजीकडे 'धसका' हा शब्द होता. धोका टळून वर्षं होतात, पण शरीराला ते पटलेलं नसतं. तसाच आवाज, तसाच वास, तसाच स्पर्श झाला की कुणी अंगावर धावून जातो, कुणी निघून जातो, कुणी जागच्या जागी गोठतो. केबिनमध्ये सगळ्यात जास्त अन्याय या तिसऱ्यावर होतो, कारण त्याच्या गप्प बसण्याला आपण माज म्हणतो.

अमेरिकेतल्या सॅम्सा या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये अशा माणसांबरोबर काम करण्याची सहा तत्त्वं मांडली. ती प्रामुख्याने आरोग्य आणि समाजसेवेच्या क्षेत्रासाठी होती. त्यातली तीन मला शॉप फ्लोअरवर रोज लागतात: सुरक्षित वाटणं, लपवाछपवी नसणं आणि माणसाला निवड असणं. ती प्रत्यक्षात कशी आणायची ते सांगते.

भांडण झालं की आधी दोघांना वेगळं करा आणि बघे पांगवा. पाणी द्या, बसू द्या, हवं तर कॅन्टीनमागच्या झाडाखाली जाऊ द्या. हात थरथरत असताना जबाब घेऊ नका. रात्रपाळी संपवून आलेल्याला, उपाशी माणसाला चौकशीला बसवू नका. मारहाण झाली असेल, पुन्हा होईल अशी भीती असेल, तर त्या दिवसापुरती शिफ्ट किंवा लाइन बदला. मात्र ज्याने सोसलं त्यालाच हलवलं, असं होऊ देऊ नका.

मग निरोप. "उद्या सकाळी केबिनला या" एवढाच निरोप पाठवला, तर धसका बसलेला माणूस रात्रभर जागा राहतो. मी असं सांगते: "दादा, उद्या अकरा वाजता मंगळवारच्या प्रकाराबद्दल बोलायचंय. अर्धा तास लागेल. मी एकटीच असेन. सोबत कुणाला आणायचं असेल तर आणा. उद्या कुठलाही निर्णय होणार नाही." शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा. एकदा शब्द फिरवलात तर पुढे त्या लाइनवरचा कुणीही तुमच्यापुढे तोंड उघडणार नाही.

बसायची जागा मी आता स्वतः लावते. टेबल मध्ये ठेवत नाही, खुर्च्या तिरप्या ठेवते. समोरच्याची पाठ भिंतीकडे येईल आणि दरवाजा त्याला दिसेल अशी खुर्ची त्याला देते. दार बंद करू की थोडं उघडं ठेवू, हे विचारते. ताई असेल आणि चौकशी करणारा पुरुष असेल, तर दुसरी बाई हवी का हेही विचारा. "मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू" असं सुरुवातीलाच सांगितलं की बहुतेक जण थांबत नाहीत. थांबता येतं एवढं कळलेलं पुरतं.

आता प्रश्न. 'का' हा शब्द पहिली दहा मिनिटं वापरू नका. 'का केलंस' ऐकलं की माणूस उत्तर शोधत नाही, बचाव शोधतो. "काय घडलं? तुम्हाला आधी काय दिसलं, काय ऐकू आलं?" असं विचारा आणि गप्प बसा. अशा माणसाची आठवण तुकड्यातुकड्यांत येते. आधीचं नंतर येतं, मधलं गळतं. क्रम बदलला म्हणून खोटं ठरवायची घाई नको. साक्षीदार, रजिस्टर, सीसीटीव्ही आहेत की ताडून पाहायला.

आणि जुनी जखम उकरू नका. "तुझ्या आयुष्यात असं काही झालंय का?" हा प्रश्न माझ्या कामाचा नाही. त्याने आपणहून सांगितलं, तर ऐकायचं आणि विचारायचं, "यातलं मी काय लिहू, काय लिहू नको?" ते सुपरवायझरला सांगायचं नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच नाही.

दुसऱ्या बाजूलाही हीच वागणूक द्या. त्या प्रकरणात मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि सुपरवायझरला एकटं बसवून विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, "मॅडम, प्रेसचं गार्ड उघडं होतं आणि त्याचा हात डायच्या आत होता. माझ्या पोटात गोळा आला, म्हणून ओरडलो." दोघांनाही एकाच गोष्टीची भीती वाटली होती. केबिनमध्ये तिघांनी 'का' विचारलं त्या दिवशी हे बाहेर आलं नव्हतं.

समोरासमोर बैठक दोघांची तयारी असेल तरच घ्या. "चला, हात मिळवा, विषय संपवा" हे वाक्य मी कायमचं सोडलं आहे. त्याने आपला विषय संपतो, त्यांचा आत राहतो. बैठकीत माफीपेक्षा वागण्याची बोली करून घ्या, आणि ती डोळ्यांना दिसेल अशी असावी. 'एकमेकांचा आदर ठेवू' यावर सही घेऊन काही होत नाही. आमच्या कागदावर होतं: प्रेसवर बोलताना बाजूने, नजरेसमोर यायचं, अंगाला हात लावायचा नाही, धोका दिसला तर ओरडण्याआधी इमर्जन्सी स्टॉप दाबायचा, गार्ड उघडून सेटिंग करण्याआधी ऑपरेटरने वीज तोडून लॉक लावायचं. खाली पंधरा दिवसांनंतर पुन्हा भेटायची तारीख.

काही प्रकरणं या वाटेने न्यायचीच नाहीत. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ चा कायदा आहे. १० किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. तक्रारीची मुदत साधारण ३ महिने आणि चौकशीची ९० दिवस. समेट फक्त त्या बाईने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैसे देऊन तर कधीच नाही. तिला "बसून मिटवून घ्या" सांगणारा एच.आर. तिला दुसरा धसका देतो. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर तिला गैरसमज म्हणू नका, तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो. आणि धसका आहे म्हणून शिस्त माफ होत नाही. नोटीस द्यायची तर द्या, पण आत काय लिहिलंय ते हातात देताना वाचून सांगा.

झोप लागत नाही, मशीनजवळ जाववत नाही असं कुणी म्हणालं, तर डॉक्टर व्हायला जाऊ नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मी तो टाइम ऑफिसच्या खिडकीजवळ लावला आहे. चिठ्ठीवर लिहून खिशात दिलेला मात्र जास्त वापरला जातो.

पंधरा दिवसांची तारीख चुकवू नका. त्या दिवशी दोनच प्रश्न विचारते: काय पाळलं गेलं, आणि अजून काय हवंय? ऑपरेटर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, घाटातल्या वळणावर असतो ना, तसला गोल आरसा समोरच्या खांबावर मिळेल का? मागून कोण येतंय ते दिसेल." मेंटेनन्सने दुसऱ्या दिवशी बसवला. आठवड्याने सुपरवायझर माझ्याकडे आला, बाकीच्या दोन प्रेससाठीही तसेच आरसे मागायला.