शेळी आंधळी झाली म्हणून डोळ्यांत थेंब घालू नका: थायमिनच्या बाबतीत या चुका टाळा

लग्नसराईत आमच्या तुळजापूरकडे मांडव उठला की उरलेला भात, पोळ्या, बुंदी शेळ्यांपुढे ओततात. काही दिवसांनी एखादी उस्मानाबादी शेळी कळपातून बाजूला पडते, भिंतीला डोकं लावून उभी राहते, गव्हाणीवर धडकते. डोळे गेले म्हणून मालक थेंब घालत बसतो. माझी एक दुभती शेळी मी अशीच दीड दिवस वाया घालवून गमावली. अजून चुटपुट लागते.

डोळ्यापुढे हात नेला तर तिची पापणी लवत नाही, पण बॅटरीचा उजेड टाकला की बाहुली आकसते. म्हणजे डोळा शाबूत आहे, बिघाड मेंदूत आहे. रवंथ करणाऱ्या जनावराला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, एरवी वेगळं द्यावं लागत नाही. कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जिवाणूच ते तयार करतात. एकदम भात, ज्वारी, मका पोटात गेला की आम्ल वाढतं, हे जिवाणू मरतात आणि थायमिन तोडणारं विकर (एन्झाइम) सोडणारे जिवाणू माजतात. मेंदू चालतो ग्लुकोजवर, आणि ग्लुकोज वापरायला थायमिन लागतं. ते संपलं की मेंदूला सूज येते. मान मागे वळते, शेळी आभाळाकडे बघत राहते, आडवी पडून पाय झाडते. इथवर आल्यावर दिवस नाही, तास मोजायचे.

अशा शेळीला पोट फुगलंय समजून तेल पाजणं फार वाईट. तिला नीट गिळता येत नाही, तेल फुफ्फुसात उतरतं. तोंडात हात तर घालूच नका. पिसाळलेलं जनावरही असंच वागू शकतं, म्हणून हातमोजे घाला आणि कुत्रा चावला होता का ते आठवा. आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाचा आजार), शिशाची विषबाधा यांतही झटके येतात, तेव्हा निदान डॉक्टरांवर सोडा. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावा.

दुसरी चूक चांगल्या हेतूनं होते: मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणून दोन मिली टोचायचं. थायमिनची मात्रा साधारण वजनाच्या किलोला १० मिलिग्रॅम, सुरुवातीला दर सहा-आठ तासांनी. तीस किलोच्या शेळीला एका वेळी ३०० मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर थायमिन प्रति मिली १० मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर दोन मिलीत गेलं फक्त २०. पहिली मात्रा डॉक्टर शिरेतून सावकाश देतात. ते घरी करायचं काम नाही.

करडांना रक्ती हगवण लागली की अँप्रोलियम देतात. औषध उपयोगी आहे, पण त्याचा रेणू थायमिनसारखा असतो आणि ते थायमिनचीच वाट अडवतं. म्हणून जास्त मात्रा किंवा सांगितल्यापेक्षा जास्त दिवस, दोन्ही नको.

उसाच्या पट्ट्यात मळी, म्हणजे साखर कारखान्यात उरलेला काळा पाक, भरपूर पाजतात, त्याकडेही बघा. आपल्याकडे साखर पांढरी करताना गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे मळीत गंधक येतं. काही बोअरच्या पाण्यातही सल्फेट असतं. कोटीपोटात त्याचा हायड्रोजन सल्फाइड वायू होतो, ढेकरेबरोबर वर येऊन श्वासात जातो आणि मेंदूला तीच इजा करतो. इथे थायमिन दिलं तरी मळी आणि ते पाणी बंद केल्याशिवाय भागत नाही.

दाणा वाढवायचा असेल तर दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा वाढवा, आणि आधी कडबा खाऊ घाला.

वेळेवर इंजेक्शन मिळालं तर बरेचदा दिवसभरात शेळी मान सरळ करते. तेवढ्यावर उपचार थांबवू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. नजर सगळ्यात शेवटी येते, कधी आठवडाही लागतो. तोवर तिला सावलीत ठेवा, अंगाखाली मऊ पाचट टाका, उठत नसेल तर पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसवा आणि पाण्याची बादली तिच्या तोंडाशी न्या.