मधुमेह आणि नैराश्याचं सर्वेक्षण : आरोग्य केंद्रात या चुका टाळा

रुग्ण कुठून निवडले, इथेच बहुतेक सर्वेक्षणं फसतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत गोळ्या न्यायला आलेल्यांनाच प्रश्न विचारले, तर ज्यांचं मन इतकं खचलंय की ते केंद्रापर्यंत येतच नाहीत, तेच नेमके सुटतात. म्हणून मधुमेहाच्या रजिस्टरमधून नावं काढा, उदाहरणार्थ दर पाचवं. जे येत नाहीत त्यांच्या घरी जा. घर दाखवायला आशाताई असाव्यात, पण मुलाखत त्यांनी घेऊ नये; रोजच्या ओळखीच्या माणसासमोर रुग्ण मनातलं बोलायला कचरतो. किती जण भेटलेच नाहीत, हेही अहवालात यायला हवं.

नमुन्याचा आकारही अनेकदा कमी धरला जातो. नैराश्याचं प्रमाण २० टक्के आणि चूक ५ टक्के धरली, तर ४पीक्यू/डी² या सूत्राने (पी म्हणजे प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, डी म्हणजे चूक) २५६ रुग्ण येतात. पण एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असतात, म्हणून १.५ ने गुणा : ३८४. दहा टक्के भेटणार नाहीत असं धरलं की ४२७.

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे निदान नव्हे, पुढच्या तपासणीची खूण. त्यातच झोप, थकवा आणि भूक यांचे गुण साखर वाढल्यानेही चढतात. रात्री चार वेळा लघवीला उठणाऱ्याची झोप मोडणारच! तरी हे प्रश्न गाळू नका, कारण मग दहाची मर्यादा लागू पडत नाही. पूर्ण बेरजेसोबत पहिल्या दोन प्रश्नांचे, म्हणजे रस न वाटणं आणि उदासी यांचे, गुण वेगळे मांडा. हिमोग्लोबिनही नोंदवा. रक्तक्षयाने थकवा येतो, आणि लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं.

उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्याला आधी नाश्ता द्या, मग प्रश्न विचारा. सून किंवा नवरा शेजारी बसला असेल तर मुलाखत पुढे ढकला. ‘गोळ्या नियमित घेता का?’ याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस गोळी राहिली?’ असं विचारा. ‘डॉक्टरांनी साखरेबद्दल आणि मनाबद्दल विचारलं का?’ हे दोन प्रश्न आहेत, ते वेगळे करा.

नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, रुग्णाला एकटं सोडू नका. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी गाठ घालून द्या, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. ही व्यवस्था पहिला फॉर्म भरण्याआधी लेखी ठरलेली असावी आणि प्रत्येक फॉर्म रुग्ण समोर असतानाच तपासावा, संध्याकाळी गठ्ठा उघडल्यावर नव्हे.