रस्त्याकडेचा इतिहासफलक रंगवताना

उत्तर कॅरोलिनातल्या रोआनोक बेटावरची इंग्रजांची १५८७ सालची वसाहत टिकली नाही. १५९० मध्ये वसाहतीचा गव्हर्नर जॉन व्हाइट इंग्लंडहून परतला तेव्हा माणसं गायब होती, खांबावर ‘क्रोएटोअन’ हे जवळच्या बेटाचं नाव एवढंच कोरलेलं. अशा ठिकाणचे फलक ओतीव ॲल्युमिनियमचे, चंदेरी पाटीवर काळी उठावाची अक्षरं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने रंगाला फोड येतात.

आधी रस्ते खात्याची परवानगी घ्या. मग पाटी साबणपाण्याने, नायलॉनच्या मऊ ब्रशने धुवा आणि गोड्या पाण्याने खळखळून काढा. मीठ राहिलं तर नवा रंगही उचलतो. तारेचा ब्रश नकोच, अक्षरांच्या कडा झिजतात. सुटलेले पोपडे प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. ओला पॉलिश पेपर आणि मास्क वापरा.

उघड्या धातूवर एचिंग प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा अस्तराचा रंग, लागतोच. मग पाटीला चंदेरी रंगाचे दोन पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या.

खरी कसोटी अक्षरांची. फोमचा छोटा रोलर काळ्या रंगात बुडवून पुठ्ठ्यावर जवळजवळ कोरडा होईतो फिरवा, मग अक्षरांच्या माथ्यावरून अलगद न्या. जोर दिलात की रंग खाचेत उतरतो आणि इंग्रजी ‘8’ चा नुसता ठिपका होतो. ओघळ लगेच थिनरच्या किंचित ओल्या फडक्याने टिपा.