बारालाचा लाच्या चढावर अडलेला गिअर

मनाली ते लेह सायकलवरून जाण्यासाठी आम्ही पती-पत्नीने बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटात पुष्कळ सराव केला होता. मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी यजमानांच्या सायकलला मागच्या गिअरची नवी केबल बसवून घेतली आणि ती चढावर एकदाही तपासली नाही, ही चूक आमचीच.

वाटेतल्या दारचा गावाच्या पुढे, सुमारे ४,९०० मीटर उंचीच्या बारालाचा ला खिंडीच्या चढावर, साखळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरवर, जाईनाशी झाली. विरळ हवेत जड गिअर रेटणे अशक्यच होते. साखळी सरकवणारी मागच्या गिअरची यंत्रणाच वाकली असावी, असे यजमानांचे मत होते. परंतु मागून पाहिले असता तिची दोन्ही छोटी चाके सरळ रेषेत दिसली. वस्तुतः नव्या केबलचे आवरण पहिल्या काही दिवसांत दबून जागेवर बसते, त्यामुळे केबल सैल पडते आणि मोठ्या चक्राकडची ओढ अपुरी राहते.

केबल या यंत्रणेत शिरते तेथील नट मी घड्याळाच्या उलट दिशेने थोडा थोडा फिरवला. तेवढ्याने भागेना, तेव्हा साखळी सर्वांत लहान चक्रावर आणली, नट पुन्हा आत घेतला, षटकोनी पान्याने केबलचा स्क्रू सैल केला आणि केबल पकडीने ताणून तो आवळला. साखळी दोन्ही टोकांना कुठवर सरकावी हे ठरवणाऱ्या मर्यादेच्या स्क्रूंना मुद्दाम हात लावला नाही, कारण ते बिघडल्यास साखळी आऱ्यांत अडकू शकते.

या कामाला वीस मिनिटे लागली. त्यांतली निम्मी हातमोजे काढण्या-घालण्यातच गेली.